तीन जुन्या डेस्कटॉपवर कुबरनेटिस शिकण्यासाठी हलका क्लस्टर कसा उभा करावा?

तुमच्याकडे प्रत्येकी ४ जीबी रॅमचे तीन जुने डेस्कटॉप आहेत, तिन्हींवर उबंटू सर्व्हर आहे, आणि क्यूबॲडम हे बसवणीचं साधन वापरून कुबरनेटिसचा (अनेक मशीनवर मिळून कंटेनर, म्हणजे डबाबंद ॲप, चालवणारी प्रणाली) क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनचा गट, उभा करताना दोन रविवार गेले तरी हाती काही लागलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर सरळ आहे: के३एस (K3s, कुबरनेटिसचं हलकं रूप) टाका. मी घरी अशाच जुन्या मशीनवर तेच चालवतो. मिनीक्यूब हे शिकण्यासाठीचं छोटं कुबरनेटिसही चांगलं आहे, पण ते बहुतेक जण एकाच मशीनवर चालवतात. एक मशीन खरोखर बंद पडल्यावर बाकीची काय करतात, हे शिकायची संधी तुमच्यासमोर टेबलावर पडलेली आहे, ती सोडू नका.

के३एस रँचर लॅब्जने २०१९ मध्ये आणलं. नाव छोटं असलं तरी ते पूर्ण कुबरनेटिस आहे. इथे शिकलेलं उद्या कंपनीतल्या मोठ्या क्लस्टरवर जसंच्या तसं चालतं. सगळं १०० एमबीपेक्षा लहान अशा एकाच बायनरीत (थेट चालणाऱ्या फाइलीत) येतं: कंटेनर चालवायला कंटेनरडी, नेटवर्कला फ्लॅनेल, नावं शोधायला कोअरडीएनएस, बाहेरची रहदारी आत घ्यायला ट्रॅफिक (Traefik) नावाचं सॉफ्टवेअर. सर्व्हर (क्लस्टर सांभाळणारं मशीन; त्याला जोडलेली बाकीची मशीन म्हणजे एजंट) एकच असेल तर क्लस्टरची माहिती ईटीसीडी या अनेक मशीनवर मिळून चालू शकणाऱ्या डेटाबेसऐवजी एसक्यूलाइट या साध्या, एका फाइलीतल्या डेटाबेसमध्ये राहते, त्यामुळे मेमरी आणि डिस्क दोन्हींवरचा ताण कमी होतो. सर्व्हरला किमान २ जीबी रॅम आणि २ कोअर, एजंटला ५१२ एमबी पुरतात. तुमच्या मशीन त्यात आरामात बसतात.

इन्स्टॉल करायला काही मिनिटं लागतात. खरा वेळ त्याआधी मशीनची नावं आणि आयपी पत्ते नीट करण्यात घालवा. मी पहिल्यांदा एका मशीनवर उबंटू टाकून त्याच डिस्कची नक्कल बाकी दोघींवर उतरवली. तिन्हींचं होस्टनेम (मशीनचं नाव) एकच झालं, आणि के३एस एकाच नावाचे दोन नोड (क्लस्टरमधली मशीन) घेत नाही. दुसरा नोड जोडायला गेलो की पासवर्ड नाकारल्याचा एरर यायचा, आणि मी तासभर टोकन (नोड जोडायला लागणारा गुप्त कोड) तपासत बसलो. होस्टनेम बदलल्यावर नवंच त्रांगडं: दोन मशीनना राउटर एकच आयपी देत होता. कारण नकलेबरोबर मशीन-आयडीही तसाच आला होता, आणि उबंटू सर्व्हर राउटरकडे पत्ता मागताना ओळख म्हणून तोच पुढे करतो. मशीन-आयडीची फाइल (/etc/machine-id) रिकामी करून मशीन रीबूट केल्यावर नवा आयडी तयार झाला आणि प्रश्न सुटला. तुम्हीही डिस्कची नक्कल केली असेल, तर आधी हे तपासा. मग राउटरमध्ये तिन्ही मशीनचे पत्ते कायमचे बांधून टाका. नाहीतर एखाद्या दिवशी वीज जाऊन आली की सर्व्हरला वेगळा पत्ता मिळतो, आणि एजंट जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतात.

पुढचं सोपं आहे. के३एसच्या अधिकृत दस्तऐवजातली एका ओळीची इन्स्टॉलची कमांड पहिल्या मशीनवर चालवा. सर्व्हरच्या फोल्डरमध्ये नोड-टोकन नावाची फाइल तयार होते. तीच कमांड बाकी दोन मशीनवर चालवा, फक्त तिच्यात सर्व्हरचा पत्ता (पोर्ट ६४४३) आणि ते टोकन घाला. लॅपटॉपवरून क्लस्टर हाताळायचा असेल तर सर्व्हरवरची कॉन्फिग फाइल कॉपी करून घ्या आणि तिच्यातल्या १२७.०.०.१ च्या जागी सर्व्हरचा खरा पत्ता लिहा.

फायरवॉलबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण इथली चूक पटकन दिसत नाही. ६४४३ उघडा असला की तिन्ही नोड 'रेडी' दिसतात आणि सगळं जमलं असं वाटतं. पण वेगवेगळ्या मशीनवरचे पॉड (कुबरनेटिस ॲपचे कंटेनर ज्यात चालवतं ती लहानात लहान एककं) एकमेकांशी फ्लॅनेलच्या ८४७२ या यूडीपी पोर्टवरून बोलतात. तो बंद असेल तर कोअरडीएनएसचा पॉड ज्या मशीनवर आहे तिथे नावं सापडतात, बाकी दोघींवर सापडत नाहीत. एकच ॲप एका नोडवर चालतं, दुसऱ्यावर नाही, आणि माणूस ॲपमध्ये चूक शोधत राहतो. म्हणून यूएफडब्ल्यू (उबंटूची फायरवॉल) चालू असेल तर तिन्ही मशीनमध्ये ८४७२ यूडीपी आणि १०२५० टीसीपी उघडा, शिवाय पॉडचं १०.४२.०.०/१६ आणि सर्व्हिसचं १०.४३.०.०/१६ हे नेटवर्क मोकळं करा. ८४७२ इंटरनेटवर कधीच उघडू नका.

आता एक प्रयोग, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. एखादा छोटा डेटाबेस डिप्लॉयमेंट म्हणून (पॉड गेला की कुबरनेटिस नवा तयार करतं, अशा पद्धतीने) चालवा, त्याला व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) द्या, आणि तो ज्या एजंटवर बसला असेल त्याची वायर ओढा. मिनिटभरात नोड 'नॉट रेडी' होईल, पुढे साधारण पाच मिनिटांनी दुसरा पॉड तयार होईल, आणि तो 'पेंडिंग'मध्येच अडकेल. के३एसबरोबर येणारं लोकल-पाथ स्टोरेज त्या मशीनच्या डिस्कवरच डेटा ठेवतं, आणि पॉडला डेटा सोडून दुसरीकडे जाता येत नाही. क्लस्टर आहे म्हणजे डेटा सुरक्षित आहे, हा समज माझाही होता. या एका प्रयोगाने तो गेला.

तिन्ही मशीन सर्व्हर कराव्यात का, असंही तुम्ही विचारलंय. सुरुवातीला नको. एक सर्व्हर, दोन एजंट ठेवा. के३एसचा सर्व्हर स्वतःही पॉड चालवतो, म्हणजे मशीन वाया जात नाही. महिनाभराने हात बसला की त्याच सर्व्हरला क्लस्टर-इनिट हा पर्याय देऊन रीस्टार्ट करा, एसक्यूलाइटमधली माहिती ईटीसीडीत जाते, आणि मग बाकी दोघींवरचा एजंट काढून त्यांना सर्व्हर म्हणून जोडा. दोनच सर्व्हर मात्र करू नका. ईटीसीडीला बहुमत लागतं, आणि दोघांतला एक गेला की उरलेला एकटा निर्णय घेऊ शकत नाही. ईटीसीडी डिस्कवर सतत लिहितं, म्हणून त्या टप्प्यावर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा.

तोपर्यंत सर्व्हरचं डीबी फोल्डर (के३एस बंद करून) आणि टोकन, दोन्हींची प्रत दुसरीकडे ठेवत जा. टोकनशिवाय नुसता डेटाबेस परत उभा राहत नाही.

एखादा नोड जोडला गेला नाही, तर त्या मशीनवरचा के३एस-एजंट सर्व्हिसचा लॉग जर्नलसीटीएल या कमांडने काढून शेवटच्या वीसेक ओळी इथे टाका. त्यात टोकन दिसत असेल तर आधी पुसा. मी बघून सांगतो.