पक्षीमित्र मंडळाची वर्गणी किती असावी आणि सदस्य कोणाला करावे?

दापोली परिसरात पक्षीनिरीक्षकांचे मंडळ काढायचे आहे, तर वार्षिक वर्गणी किती ठेवावी, स्वतःची दुर्बीण असण्याची अट घालावी का, आणि जुन्या मंडळांसारखी फूट पडू नये म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे. यातला शेवटचा प्रश्न मला झोंबला. दाभोळ खाडीकाठचे जे मंडळ फुटल्याचे आपण ऐकले असेल, त्याच्या कार्यकारिणीत मी होतो, आणि ते नेमके या वर्गणीवरून व दुर्बिणीच्या अटीवरूनच फुटले.

कामात आम्ही कमी नव्हतो. जानेवारीत पाणथळ पक्ष्यांची गणना होई, ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात शाळांतून कार्यक्रम होत, आणि थंडीत हर्णै बंदरात लिलावाच्या वेळी जमणारे कुरव या समुद्रपक्ष्यांचे थवे पाहायला आम्ही हटकून जात असू. मात्र नियमावलीत असे कलम होते की ज्याने वर्गणी भरली आहे आणि ज्याच्याकडे स्वतःची दुर्बीण आहे, त्यालाच मत.

एका माघात आमच्या वाडीतले एक पाडेली मंडळाच्या बैठकीला आले. नारळ पाडण्यासाठी ते ज्या माडावर चढले होते, त्याच्या शेजारच्या जुन्या रायवळ आंब्यावर समुद्री गरुडाचे घरटे होते आणि त्यात पिसे फुटू लागलेले पिल्लू होते. तो आंबा लाकूडव्यापाऱ्याला विकला गेला होता व मालकिणीने बयाणाही घेतला होता. पुरावा म्हणून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला, घरट्यातून खाली पडलेला समुद्रसापाचा तुकडा टेबलावर ठेवला. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी होती आणि वासाने पहिल्या रांगेतले दोघे उठून खिडकीपाशी गेले. त्यावर आमच्या खजिनदारांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता की, हे गृहस्थ सदस्य आहेत का?

कार्यकारिणीने वन विभागाला पत्र लिहिण्याचा ठराव केला. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता. समुद्री गरुड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आंबा हा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगीवाचून तोडता येत नाही. पाडेली एवढेच म्हणाले की पत्राला उत्तर येईपर्यंत आंब्याच्या फळ्या झालेल्या असतील. दुसऱ्या दिवशी ते आणि मी त्या घरी गेलो. पडवीत बसून ऐकले तेव्हा कळले की मालकीणबाईंचा राग गरुडावर नव्हता. खळ्यात रोज माशांचे काटे आणि विष्ठा पडत होती, वाळत घातलेल्या सुपाऱ्या घाण होत होत्या, आणि पावसाआधी कौले चाळण्यासाठी पैसे हवे होते. मुलगे मुंबईला. पाडेल्यांनी तिथल्या तिथे सांगितले, "काकी, यंदाची तुमची सगळी पाडणावळ माझ्याकडे लागली. बयाणा परत करा." म्हणजे नारळ पाडण्याची मजुरी ते घेणार नव्हते. पिल्लू उडाल्यावर खळ्यावर आलेल्या फांद्या रीतसर परवानगी काढून तोडायच्या आणि त्यांचे सरपण काकींनी ठेवायचे, असेही ठरले. होळीनंतर पिल्लू उडाले. समुद्री गरुडाचे जोडपे तेच घरटे वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरते, म्हणून त्या आंब्याचे राहणे एका पिल्लापुरते नव्हते.

वार्षिक कार्यक्रमात त्या पिल्लाचे छायाचित्र फलकावर झळकले आणि छायाचित्रकाराला शाल व श्रीफळ देण्यात आले. (तो नारळही बहुधा आमच्या पाडेल्यांनीच उतरवलेला असावा.) त्यांचे नाव भाषणात आले नाही, मी विचारले तेव्हा "ते सदस्य नाहीत" असे उत्तर मिळाले. मी दुर्बिणीचे कलम रद्द करण्याचा ठराव मांडला, तो पडला, आणि आम्ही काही जण बाहेर पडलो. त्यानंतर मला "फूट पाडणारा" म्हटले गेले व अजूनही म्हटले जाते. ज्या नियमाने घरटे दाखवणारा माणूस बाहेर राहतो, त्या नियमानेच मंडळ फोडले, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की पाडेली, तांडेल (होडीचे प्रमुख), रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार) आणि बागांचे राखणदार यांना वर्गणी माफ ठेवून पूर्ण मताधिकार द्यावा. हा उपकार नव्हे, मंडळाचीच ती गरज आहे. आमच्या सहली रविवारी सकाळी सातला ठरत, मग खाडीत भरती असो वा ओहोटी. ओहोटीला चिखल्या आणि तुतवार हे किनारी पक्षी मैलभर चिखलात पांगलेले असत आणि मोजणी अंदाजपंचे होई. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते व पुढे रोज सुमारे पाऊण तासाने सरकते, हे कोणताही तांडेल तिथीवरून सांगेल, आणि भरतीला हेच पक्षी उंचवट्यावर दाटीने बसलेले मिळतात. वेळास या किनाऱ्यावरच्या गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने समुद्री कासवांच्या संरक्षणाचे काम उभे केले, तेही गावातल्या माणसांना बरोबर घेऊनच.

दुर्बीण नकोच, असे मात्र मी म्हणत नाही. तुतवारांच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, आणि ज्यांना परवडते त्यांनी ८ × ४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) जरूर घ्यावी. मंडळानेही दोन-तीन विकत घेऊन फिरत्या ठेवाव्यात. संस्था म्हणून मंडळाच्या नोंदणीसाठी किमान सात सदस्य लागतात, पण पहिल्या वर्षी नोंदणीची घाई करू नये. वर्गणीचा आकडा माझ्याकडे नाही. नोकरदार सदस्य कुरकुर न करता देतील तेवढी ठेवावी आणि तिच्यातला काही भाग अशा एखाद्या बयाण्यासाठी बाजूला ठेवावा, कारण प्रत्येक वेळी पाडणावळ सोडून देणारा माणूस मिळेलच असे नाही.