‘सुपर’ची वाट बघू की आत्ताच घेऊ?

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि सुटे भाग

प्रश्न (निपाणी) : लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचा आमचा स्टुडिओ आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं होतं, तर दुकानदार म्हणतो थांबा, १८ जीबी मेमरीचं ‘५०७० सुपर’ येतंय. गेल्या दिवाळीपासून हेच ऐकतोय, खरं कार्ड काही येईना. एप्रिल-मेचा सीझन तोंडावर आलाय. थांबू की घेऊ?

उत्तर : घ्या. जरा सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न खानापूर, चिकोडी, संकेश्वरहूनही आला आहे.

१८ जीबीचा आकडा हवेतून आलेला नाही. ५०७० ची मेमरी बस, म्हणजे मुख्य चिप आणि मेमरी यांच्यातली वाट, १९२ बिटची आहे. जीडीडीआर७ या कार्डावरच्या मेमरीची एक चिप ३२ बिट घेते, म्हणजे कार्डावर सहा चिप बसतात. सध्या एकेक चिप २ जीबीची आहे म्हणून १२ जीबी होतात. तिथेच ३ जीबीची चिप बसवली की झाले १८. ५०८० ला २५६ बिट, म्हणजे आठ चिप, तिथे १६ चे २४ होतात. ज्याला तीनाचा पाढा येतो त्याला हे ‘गुपित’ सांगता येतं, म्हणून ते इतकं पसरलं.

घोडं अडतं ते चिपपाशी. ३ जीबीच्या चिपला आधीच गिऱ्हाईक आहे. लॅपटॉपमधल्या ५०९० ला २४ जीबी मिळतात ते याच चिपमुळे. आरटीएक्स प्रो ६००० या वर्कस्टेशन कार्डावर ९६ जीबी असतात, म्हणजे अशा ३२ चिप. तेवढ्यात पाच ‘५०७० सुपर’ तयार होतील, पण त्या पाचांची मिळून जी किंमत येईल तिच्यापेक्षा एकटं प्रो कार्ड कितीतरी जास्त पैसे आणतं. तुमच्या हातात मोजक्या चिप असत्या तर तुम्ही कुठं बसवल्या असत्या?

दुसरं कारण मेमरीच्या कारखान्यांत आहे. जगाची बहुतेक डीरॅम (रॅम आणि कार्डावरची मेमरी याच जातीची) तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना लागणारी एचबीएम ही खास वेगवान मेमरीही याच बनवतात. तितक्याच जीबीच्या डीडीआर५ ला (पीसीतल्या साध्या रॅमला) जेवढं सिलिकॉन लागतं, त्याच्या साधारण तिप्पट एचबीएमला लागतं. म्हणजे एचबीएमची ऑर्डर वाढली की रॅम आणि जीडीडीआरच्या वाटणीचं सिलिकॉन कमी होतं. २०२५ च्या शेवटच्या तिमाहीत रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले ते यामुळेच. अशा दिवसांत जास्त मेमरीचं कार्ड जुन्याच किमतीत बाजारात आणणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही. जानेवारी २०२६ च्या सीईएस प्रदर्शनात ‘सुपर’ची घोषणा झाली नाही, याचं नवल वाटायला नको.

आता तारखांचा हिशेब. ५०७० ची घोषणा झाली जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, विक्रीसाठी फेब्रुवारी सांगितला होता, प्रत्यक्षात उजाडला ५ मार्च. एएमडी या स्पर्धक कंपनीने ९०७० मालिका त्याच जानेवारीत दाखवली, काही दुकानांत कार्डं येऊनही पडली होती, तरी विक्री सुरू झाली ६ मार्चला. घोषणा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असंही नाही. १२ जीबीचं आरटीएक्स ४०८० सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं, ऑक्टोबरमध्ये मागे घेतलं गेलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय या नावानं १०० डॉलर स्वस्त होऊन आलं. तेव्हा उद्या सकाळी ‘सुपर’ जाहीर झालं तरी विक्रीला दोन महिने धरा, आणि पहिला माल मोठ्या शहरांत उडाल्यावर आपल्याकडे येईपर्यंत आणखी वेळ. तुमचा सीझन तोवर उलटलेला असेल.

तुमच्या कामाला १८ जीबीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त उपयोगी आहे. कॅमेऱ्यात १०-बिट ४:२:२ मध्ये (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) शूट करत असाल तर ५० मालिकेची कार्डं ते फुटेज हार्डवेअरवर उलगडतात. ४० मालिकेला हे जमत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. ही सोय ५०६० टीआयमध्येही आहे. ४के टाइमलाइन, रंगाचं काम आणि थोडा नॉइज रिडक्शन एवढंच असेल तर ५०६० टीआयची १६ जीबीची आवृत्ती बघा. ५०७० पेक्षा वेग कमी, पण मेमरी ४ जीबी जास्त आणि किंमतही कमी. याच नावाची ८ जीबीची आवृत्तीही मिळते, ती मात्र घेऊ नका. एडिटिंगचं सॉफ्टवेअर अद्ययावत हवं, जुन्या आवृत्त्या ४:२:२ साठी कार्ड वापरतच नाहीत.

प्रश्न (बेळगाव, टिळकवाडी) : अमेरिकेत ५४९ डॉलरचं ५०७० कार्ड इथं ६० हजारांच्या वर कसं? दुकानदार लुटतोय की खरंच तेवढं पडतं?

उत्तर : स्वतः मांडून बघा. ५४९ डॉलर ही कर न धरलेली किंमत. डॉलर ८६ रुपये असताना तिचे झाले ४७,२१४. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५५,७१२. भारतात ५०७० ची जाहीर सुरुवातीची किंमत होती ५९,०००. म्हणजे आयातदार, वितरक, दुकानदार या सगळ्यांना मिळून सहा टक्क्यांच्या आसपास. यात लूट दिसत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० च्या पलीकडे गेला. ९० नं तोच हिशेब ५८,३०४ वर येतो, सहा टक्के धरून ६२ हजारांच्या आत. डॉलर एक रुपयानं चढला की या कार्डावर साधारण ६५० रुपये वाढतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तुम्हाला सांगितलेला भाव या हिशेबाच्या वर किती आहे ते बघा. तीन-चार हजार वर असेल तर तीन पंख्यांचं किंवा कारखान्यातच वेग वाढवलेलं मॉडेल असेल. त्या वाढीव वेगानं गेममध्ये फारसा फरक पडत नाही, दोन पंख्यांचं साधं मॉडेल मागा. दहा हजार वर असेल तर तो टंचाईचा भाव आहे, दुसरीकडे विचारा.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा कार्डं स्वस्त होतील अशी हूल उठली होती. कार्डावर आधीही १८ टक्के होता, आत्ताही १८ च आहे. २८ वरून १८ वर आले ते ३२ इंचांपेक्षा मोठे मॉनिटर.

प्रश्न (निपाणी) : आम्हाला कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. कोल्हापुरातून कार्ड आणलं तर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही म्हणतात. खरं का?

उत्तर : बिल कसं केलं त्यावर आहे. काउंटरवर पैसे देऊन कार्ड पिशवीत घालून आणलंत तर बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याचा वाटा) लागतो. तुमची नोंदणी कर्नाटकात, त्यामुळे ते क्रेडिट (भरलेला कर आपल्या देय करातून वजा करणं) तुम्हाला घेता येत नाही. ६० हजारांच्या कार्डात ९,१५३ रुपये कराचे असतात, तेवढे गेले. त्याऐवजी दुकानदाराला आधीच सांगा : बिलावर आमचा कर्नाटकचा जीएसटी क्रमांक, माल पोचवायचा पत्ता निपाणीचा, कर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा), आणि कार्ड कुरिअरनं किंवा त्यांच्या गाडीनं पाठवा. मालाची किंमत ५० हजारांवर असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागतं, तेही त्यांनाच काढायला सांगा. घरगुती वापरासाठी घेणाऱ्याला यातलं काही बघायचं कारण नाही. कर हद्दीच्या अलीकडे-पलीकडे सारखाच.

प्रश्न (चिकोडी) : बंद पडलेल्या गेमिंग पार्लरमधली आरटीएक्स ३०६० कार्डं स्वस्तात मिळताहेत. घ्यावीत का? मायनिंगची असली तर?

उत्तर : १२ जीबीचं ३०६० आजही कामाचं आहे. हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं. इथरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डाला दिवसरात्र आकडेमोड करायला लावून चलन कमावणं) सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं, त्याआधीच्या कार्डानं ते काम केलेलं असू शकतं. एकसारख्या तापमानावर चाललेली चिप सहसा टिकते. झिजतात ते पंखे, आणि वाळते ती थर्मल पेस्ट (चिपची उष्णता धातूच्या हीटसिंककडे नेणारा लेप). तेव्हा ‘मायनिंगचं आहे का’ हे विचारून फायदा नाही, कुणी हो म्हणणार नाही. कार्ड चालत्या पीसीत लावून तासभर तपासू देणार असतील तरच बोलणी करा.

आधी नुसत्या डोळ्यांनी. कार्डावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. हीटसिंकच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर कार्ड उघडलेलं आहे. मागच्या लोखंडी पट्टीवर गंज किंवा सोन्याच्या दातांवर हिरवट डाग दिसले तर कार्ड दमट जागी पडून होतं, ते सोडा. खानापूरकडच्या पावसात बंद खोलीत दोन पावसाळे काढलेल्या कार्डांना हे हमखास होतं. लाल धूळ असेल तर भिऊ नका, ती ब्रशनं निघते.

मग कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा. ३५८४ शेडर, १९२ बिट बस आणि १२२८८ एमबी मेमरी दिसली पाहिजे. १२८ बिट आणि ८ जीबी दिसले तर ते ३०६० चीच पण कमी ताकदीची आवृत्ती आहे, तिला १२ जीबीचा भाव देऊ नका. नावाच्या आधी ‘फेक’ असा शब्द आला तर जुन्या कार्डाचा बायॉस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून विकायला ठेवलंय, तिथून उठा. बस इंटरफेसच्या ओळीत रिकाम्या वेळी पीसीआय (कार्ड आणि बोर्ड यांच्यातली जोडणी) १.१ दिसतं, तो दोष नाही. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट लावा, बोर्ड ४.० चा असेल तर एक्स१६ ४.० वर गेलं पाहिजे.

त्यानंतर कार्डावर पूर्ण ताण देणारी फरमार्क चाचणी २० मिनिटं. तापमान ८३ अंशांच्या आत राहावं, आणि हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सर्वांत गरम जागेचं) तापमान मुख्य तापमानापेक्षा २० अंशांहून जास्त नसावं. अंतर ३० च्या पुढे गेलं तर पेस्ट वाळली आहे. दुरुस्त होतं, पण भाव त्या मानानं पाडून घ्या. एप्रिलच्या दुपारी तपासत असाल तर तीन-चार अंशांची सूट द्या. शेवटी ओसीसीटी या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅमची (कार्डावरच्या मेमरीची) चाचणी लावा. एकही चूक दाखवली तर कार्ड नको, कारण मेमरीची चिप बदलण्याचा खर्च या किमतीच्या कार्डाला परवडत नाही. चारही पोर्टना मॉनिटर लावून बघायला विसरू नका, पार्लरमध्ये एकच पोर्ट वापरलेला असतो.

वॉरंटी संपलेली धरूनच भाव करा. कुणी दुबईहून आणलेलं ‘सीलबंद’ कार्ड दाखवलं तर ब्रँडच्या साइटवर सिरियल नंबर टाकून ते भारतात विकलेलं आहे का ते आधी बघा. नसेल तर इथली सेवा मिळेलच असं नाही.

प्रश्न (संकेश्वर) : सहा वर्षांपूर्वीचा बी४५० मदरबोर्ड आहे. ५०६० चालेल?

उत्तर : चालेल, पण जोडी जुळत नाही. ५०६० ला पीसीआयच्या आठच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) आहेत आणि तुमचा बोर्ड ३.० चा. म्हणजे सेकंदाला ८ जीबीच्या आत वाहतूक. कार्डाची ८ जीबी मेमरी पुरते तोवर कळत नाही. टेक्स्चर मोठे केले की डेटा साध्या रॅममधून आणावा लागतो आणि गेम झटके मारतो. रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटीला १६ लेन आहेत, १६ जीबीची आवृत्ती मिळते, वीज १६० वॅटच्या आसपास. जुन्या बोर्डाला तीच बरी.

५०६० च घेतलं तर आधी बोर्डाचा बायॉस अद्ययावत करा आणि सीएसएम (पीसी सुरू करण्याची जुनी पद्धत) बंद करून यूईएफआय (नवी पद्धत) मोड ठेवा. या मालिकेत काही बोर्डांवर रीस्टार्टनंतर पडदा काळाच राहायचा, त्यासाठी एनव्हिडियानं फर्मवेअर बदलण्याचं साधन दिलं आहे. जुनं कार्ड विकण्याची घाई करू नका, काळ्या पडद्यावर तेच कामी येतं.

प्रश्न (खानापूर) : रॅम १६ जीबी आहे, भाव उतरल्यावर ३२ करावी म्हणतो. कधी उतरतील?

उत्तर : नव्या उत्पादन क्षमतेला वर्षं लागतात, महिने नव्हे. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. टास्क मॅनेजरमध्ये कामाच्या वेळी १३-१४ जीबी सतत भरलेली दिसत असेल तर आत्ताच घ्या, नसेल तर आहे त्यावर भागवा. जुनी रॅम घेतलीत तर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चारही फेऱ्या रात्रभर लावून मगच पैसे द्या. डीडीआर४ स्वस्त पडेल ही आशा सोडा, तिचं उत्पादन कंपन्यांनी आधीच आवरतं घेतलं आहे.

प्रश्न (बेळगाव, शहापूर) : ५०७० लावल्यापासून लाइट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस किंचाळून पीसी बंद करतो. यूपीएस खराब?

उत्तर : यूपीएस चांगला आहे, लहान आहे. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट. तुमचं कार्ड एकटं २५० वॅट ओढतं, प्रोसेसरचे १२०, बाकी ५०, मॉनिटरचे ३०. बेरीज ४५०. ११०० व्हीए आणि ६६० वॅटचा घ्या. व्हीएचा आकडा बघून फसू नका, खोक्यावर वॅट शोधा. काम सेव्ह करून पीसी बंद करण्याएवढाच वेळ मिळेल, त्यावर गेम संपवायला बसू नका. शक्य तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, घ्या. साध्या यूपीएसच्या चौकोनी लहरीवर जाताना काही नवे पॉवर सप्लाय दचकून बंद पडतात, आणि दोष उगाच कार्डावर येतो.

हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीची लाइट पावसाळ्यात दिवसातून चारदा गेली तर नव्या पॉवर सप्लायलाही ते सोसत नाही, म्हणून अर्थिंग आत्ताच बघून घ्या. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजा. ३ व्होल्टच्या आत हवा, ५ च्या वर गेला तर वायरमनला बोलवा. आणि कार्डाची १६ पिनांची केबल टक असा आवाज होईपर्यंत आत गेली आहे ना, कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरच्या आत वाकलेली नाही ना, तेही कॅबिनेट उघडलंच आहे तर बघा.