राजी नसलेल्याचा राजीनामा कसा?

प्रश्न असा आलाय: "राजीनामा या शब्दात राजी आहे, म्हणजे खुशी. मग चहूबाजूंनी दबाव आणून मुख्यमंत्र्याला जायला लावलं तर त्याला राजीनामा म्हणणं चूक नाही का? पेपरात तर 'पक्षाने राजीनामा घेतला' असं सर्रास असतं. आणि त्याच्या जागी जो येतो तो वारसदार की उत्तराधिकारी?"

प्रश्न मला फार आवडला, कारण हा शब्द आपण महिन्यातून दहा वेळा वाचतो आणि त्यातल्या राजीकडे कुणाचं लक्षही जात नाही.

आधी राजीचं बघू. राजी म्हणजे खूश असं आपण धरून चालतो, 'राजीखुशी' या जोडीमुळे ते डोक्यात बसलंय, पण मराठीत राजी म्हणजे कबूल, तयार. "बाबा कसेबसे राजी झाले" असं आपण घरात सहज म्हणतो ना? "कसेबसे खूश झाले" असं कुणी म्हणतं का? म्हणजे रडतखडत, नाइलाजाने, चार लोकांनी समजूत घातल्यावर दिलेला होकार सुद्धा राजीच. आणि नामा म्हणजे कागद, लिहिलेलं काहीतरी, जसं करारनामा, पंचनामा, जाहीरनामा. तेव्हा राजीनामा म्हणजे संमतीचा कागद, बस. ती संमती मनापासून आहे का हे तो कागद विचारत नाही, खाली सही आहे का एवढंच बघतो. दबावाखाली दिलेल्या राजीनाम्याला राजीनामा म्हणण्यात म्हणूनच काही चूक नाही.

(जाता जाता: काही जण राजिनामा लिहितात, तसं नको, जी दीर्घच. राजाशी किंवा राज्याशी याचं काही नातं नाही. यातला राजी अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आलेला आहे. आपली ऑफिसातली 'रजा' आणि 'नाराज' हे दोन्ही त्याच घरातले. रजा म्हणजे मुळात परवानगी, संमती. नाराज म्हणजे जो राजी नाही तो. म्हणजे "नाराज आमदारांनी राजीनाम्याची मागणी केली" या एका ओळीत एकाच धातूचे दोन शब्द शेजारीशेजारी बसलेत, मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा खूप आनंद झाला होता.)

आता खरी गंमत. हिंदीत राज़ीनामा म्हणजे पद सोडणं नाहीच! तिकडे कोर्टात दोन पार्ट्यांची तडजोड झाली की "राज़ीनामा हो गया" म्हणतात, आणि पद सोडण्याला इस्तीफ़ा. इस्तीफ़ा म्हणजे मुळात 'मला माफ करा, यातून मोकळं करा' अशी विनंती. पण मराठी, कोकणी, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ या सगळ्यांत राजीनामा, राजीनामो, राजीनामुं, राजीनामे अशा रूपांत पद सोडणंच, मल्याळममध्ये तर नुसतं 'राजी' म्हणतात, नेपाळीतही राजीनामाच. मग तडजोडीच्या कागदाचा आपल्याकडे पद सोडण्याचा कागद कसा झाला?

मला यात जमिनीचा रस्ता दिसतो. आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक फेरफाराचा, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या सरकारी नोंदीचा, उतारा होता, घडीवर फाटलेला, मागून कुणीतरी खळीने कापडाची पट्टी चिकटवलेली. लहानपणी त्यातला 'राजीनामा' शब्द वाचून मला वाटलं आमच्या घराण्यात कुणीतरी मोठ्या हुद्द्यावर होतं. आजोबा म्हणाले, अरे हुद्दा कसला, चुलत्याने रान सोडलं त्याचा राजीनामा. आणि लगेच पुढच्या ओळीत दुसऱ्याचं नाव आणि 'कबुलायत'. मुंबई इलाख्यात रयतवारीत, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा त्या व्यवस्थेत, ही पद्धतच होती, ज्याच्या नावावर जमीन आहे त्याने ती सोडतो म्हणून सरकारात राजीनामा द्यायचा आणि जो घेणार त्याने सारा भरायची कबुलायत लिहून द्यायची. राजीनामा-कबुलायत असा जोडशब्दच होता, जुन्या दस्तऐवजांत आणि निकालपत्रांत तो जागोजाग सापडतो. म्हणजे एकाने सोडलं हे अर्धंच काम, दुसऱ्याने स्वीकारलं की व्यवहार पुरा. जमिनीवरचा हक्क सोडण्यावरून खुर्चीवरचा हक्क सोडण्यावर शब्द सरकायला फार अंतर नाही.

आणि तुमच्या प्रश्नातल्या दोन भागांचं उत्तर या जोडीतच आहे असं मला वाटतं. राजकारणात राजीनामा अडतो तो बहुतेक वेळा कबुलायत ठरत नाही म्हणून.

२०१० चं उदाहरण घ्या. मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या फ्लॅटवाटपाच्या प्रकरणात आरोप झाले आणि अशोक चव्हाणांवर मुख्यमंत्रिपद सोडण्यासाठी दबाव वाढला. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी दिल्लीत काँग्रेसच्या तेव्हाच्या अध्यक्ष सोनिया गांधींकडे राजीनामा 'देऊ केला'. हे 'देऊ करणं' मराठीतलं किती नेमकं क्रियापद आहे बघा, दिलेला नाही, पण हात पुढे केलाय, समोरच्याने घ्यायचा की नाही ते ठरवायचंय. त्यानंतर साधारण दहा दिवस तो तसाच लटकला, मधे ओबामांचा मुंबई दौरा होऊन गेला, आणि ९ नोव्हेंबरला श्रेष्ठींनी तो स्वीकारला. पण पक्षाध्यक्षांकडे दिलेला कागद आणि राज्यपालांकडे दिलेला कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घटनेच्या हिशेबाने मुख्यमंत्र्याचा राजीनामा राज्यपालांकडेच जातो. म्हणून बातमीत नुसतं "राजीनामा दिला" वाचलं की मी आधी कुणाकडे दिला ते शोधतो. देऊ केला, सादर केला, स्वीकारला, मंजूर झाला या प्रत्येकाला वेगळा अर्थ आहे आणि तो गाळला की बातमीच बदलते.

'राजीनामा घेतला' हे मात्र मला बरोबर वाटतं, उलट फार प्रामाणिक वाटतं. संमती कुणाची, तर जाणाऱ्याची, पण कर्ता कोण, तर पक्ष. "सही घेतली", "कबुली घेतली", "शपथ घ्यायला लावली" तशातलंच. दिला म्हटलं की कर्ता झाकला जातो. २०१४ नंतरच्या युती सरकारात शिवसेनेचे मंत्री "राजीनामे खिशात आहेत" म्हणायचे, तिथे तर ना देणं ना घेणं, नुसतं बाळगणं!

ज्यांना संमतीचा विषयच नकोय त्यांच्यासाठी मराठीत दुसरे भरपूर शब्द आहेत. पायउतार होणं, म्हणजे घोड्यावरून किंवा पालखीतून खाली उतरून पायी चालू लागणं, यात स्वतःहून की कुणी उतरवलं ते मोघम राहतं. उचलबांगडी म्हणजे हातपाय धरून उचलून नेणं, तिथे राजीचा प्रश्नच नाही. गच्छंती हे संस्कृतातलं चक्क क्रियापद आहे, 'ते जातात', अनेकवचनी, त्याचं आपण स्त्रीलिंगी नाम करून टाकलं आणि एकट्या माणसालाही लावलं. नारळ देणं तुम्हाला माहीतच आहे. माझा सगळ्यात आवडता खांदेपालट, ओझं वाहताना एक खांदा अवघडला की दांडा दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा, ओझं तेच राहतं. सत्ताधारी पक्षाने नेता बदलला आणि सरकार तेच राहिलं तर यापेक्षा चपखल शब्द मला तरी माहीत नाही, सत्तांतर म्हणू नका, सत्ता कुठे बदलली?

आता वारसदार की उत्तराधिकारी. वारस रक्ताने किंवा मृत्युपत्राने होतो, म्हणजे त्याचा संबंध माणसाशी. उत्तराधिकाऱ्याचा संबंध पदाशी, यातला उत्तर म्हणजे नंतरचा, उत्तरार्धातला, उत्तररात्रीतला. आणि हा फरक समजून घ्यायला पुन्हा चव्हाणच उपयोगी पडतात. अशोकराव हे शंकरराव चव्हाणांचे चिरंजीव, वडील मुख्यमंत्री आणि मुलगाही मुख्यमंत्री. तर अशोकराव शंकररावांचे राजकीय वारसदार, पण उत्तराधिकारी नव्हेत, कारण शंकररावांनी १९७७ मध्ये पद सोडलं तेव्हा वसंतदादा आले आणि १९८८ मध्ये सोडलं तेव्हा शरद पवार. आणि ११ नोव्हेंबर २०१० ला शपथ घेतलेले पृथ्वीराज चव्हाण हे अशोकरावांचे उत्तराधिकारी, पण वारसदार अजिबात नव्हेत. एक नांदेडचे, दुसरे कराडचे, आडनाव एक पण घराणी वेगळी. वडील-मुलगा असून उत्तराधिकारी नाही, आणि एका आडनावाचा उत्तराधिकारी असून वारस नाही, एवढं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

हे दोन्ही शब्द निकाल लागल्यानंतरचे आहेत. त्याआधी जी नावं फिरतात त्यांना दावेदार सरसकट म्हणू नये, दावा केला असेल तरच दावेदार. पृथ्वीराज तेव्हा दिल्लीत पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते, त्यांचं 'नाव चर्चेत' होतं हे बरोबर. १९८२ मध्ये अंतुले मुख्यमंत्रिपदावरून गेले तेव्हा बाबासाहेब भोसले आले, तिथे तर चर्चेत असलेली सगळी नावं बाजूलाच राहिली. स्वतःहून पुढे सरसावलेले ते इच्छुक, आणि फारच घाई झालेले ते गुडघ्याला बाशिंग बांधलेले.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: "पक्षश्रेष्ठींनी मुख्यमंत्र्यांचा राजीनामा घेतला असून त्यांच्या उत्तराधिकाऱ्याचं नाव अजून ठरलेलं नाही." कबुलायत शब्द आता कुणाला कळणार नाही म्हणून तो घालत नाही, नाहीतर "राजीनामा झाला, कबुलायत बाकी आहे" एवढ्यातच सगळं आलं असतं.