बाटल्या गार राहतील, पण उष्णता कुठे जाईल? घरातील वाइन सेलरच्या खर्चाविषयी

आपले पत्र सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मुद्दा मांडतो. आपले वय ५४, नोकरीची चार वर्षे शिल्लक, नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला स्वतःचा बंगला, गृहकर्ज फिटलेले, घरखर्च दरमहा ८५ हजार. अकरा लाखांची मुदत ठेव मे महिन्यात पूर्ण होते आहे आणि भविष्य निर्वाह निधी वगळता हाताशी असलेली रोकड तेवढीच. आपल्याकडे सुमारे १८० बाटल्या वाइन आहे. तळमजल्यावरील ८ बाय १० फुटांच्या आणि ९ फूट उंचीच्या खोलीत सेलर, म्हणजे वाइन साठवण्याची थंड खोली, करायचा, अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी ७ लाख ४० हजार आणि ४ लाख ६० हजार अशी दोन दरपत्रके आली आहेत. स्वस्त दरपत्रक घ्यावे का, आणि हा खर्च गुंतवणूक समजावा का, असे आपले दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. ही गुंतवणूक नाही. ज्या वस्तूला विक्रीचा कायदेशीर मार्ग नाही, तिची किंमत कितीही वाढली तरी ती आपल्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून धरता येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य विकणे हा गुन्हा आहे, आणि त्याला घरातल्या बाटल्यांचा अपवाद नाही. परदेशात लिलावात बाटल्यांना मोठे भाव येतात हे खरे. पण ती मोजक्या द्राक्षमळ्यांची, दीर्घकाळ मुरण्यासाठीच तयार केलेली वाइन असते. नाशिक परिसरात बनणारी बहुतांश वाइन काही वर्षांच्या आत पिण्यासाठी असते, आणि पांढरी वाइन तर जितकी लवकर उघडावी तितकी चांगली. बंगल्याची किंमत सेलरमुळे वाढेल, हा आपला दुसरा आधारही मला लंगडा वाटतो. पुढचे गिऱ्हाईक त्या खोलीत देवघर करता येईल की अडगळ ठेवावी लागेल, एवढेच विचारील.

शिवाय वैयक्तिक परवान्यावर घरात किती मद्य बाळगता येते याला मर्यादा असते. १८० बाटल्या त्या मर्यादेत बसतात की नाही, हे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. हे काम ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी व्हायला हवे, नंतर नव्हे.

आता दरपत्रकांकडे वळू. मी यंत्रविद्येचा माणूस नाही, पण अशा खर्चाचा हिशेब करताना थोडे भौतिकशास्त्र समजून घेतल्याशिवाय पैशांचा ताळमेळ लागत नाही. वाइन साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअसला आणि ६० ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवावी, असा संकेत आहे. फ्रान्समधल्या जुन्या तळघरांना यंत्राशिवाय हे साधते, कारण काही मीटर खोलीवर जमिनीचे तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिरावते आणि तिकडची सरासरी मुळातच तेवढी कमी आहे. नाशिकची सरासरी २४-२५ अंशांच्या आसपास आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतले तळघर उन्हाळ्यात गारेगार वाटते ते बाहेरच्या ४० अंशांच्या तुलनेत. त्यामुळे आपल्या मेहुण्यांनी सुचवल्याप्रमाणे काळा पाषाण फोडून खाली उतरण्यातही अर्थ नाही, यंत्र लागणारच.

यंत्र थंडी निर्माण करत नाही, ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. म्हणून आत किती उष्णता शिरते आणि बाहेर टाकलेली उष्णता कुठे जाते, या दोनच प्रश्नांवर आपला पुढच्या दहा वर्षांचा खर्च ठरतो. स्वस्त दरपत्रकात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गाळली आहेत, आणि ते स्वस्त आहे ते त्यामुळेच.

आत शिरणाऱ्या उष्णतेचा अंदाज घेऊ. आपल्या खोलीच्या भिंती, छत आणि जमीन मिळून सुमारे ४५ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. हवेच्या सरासरीपेक्षा थोडा चढा, सावध आकडा म्हणून बाहेर ३० आणि आत १३ अंश धरले, तर नऊ इंची विटांच्या प्लास्टर केलेल्या उघड्या भिंतींतून सतत सुमारे १५०० वॅट उष्णता आत येईल. त्याच भिंतींना ७५ मिलिमीटर जाडीचा पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम) बसवला, तर हा आकडा २३० वॅटच्या आसपास उतरतो. दार उघडणे, दिवे आणि माणसांची ये-जा धरून तो ३०० म्हणा. विजेच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या परिस्थितीत महिन्याला सुमारे ६०० युनिट लागतील आणि दुसऱ्या परिस्थितीत १४५. आपल्या घराचा वापर आधीच वरच्या टप्प्यात आहे. आपण पाठवलेल्या महावितरणच्या बिलांवरून वाढीव युनिटचा दर मी १६ रुपये धरला आहे. म्हणजे महिन्याला ९,६०० रुपये विरुद्ध २,३२०. हा फरक वर्षाला ८७ हजारांच्या घरात जातो. पफ नसलेले स्वस्त दरपत्रक घेऊन आज जे २ लाख ८० हजार वाचतात, ते सव्वातीन वर्षांत विजेच्या बिलातून निघून जातात. अर्थात हा हिशेब यंत्र पुरेसे मोठे असेल तरचा. स्वस्त दरपत्रकातले यंत्र छोटे आहे. ते मे महिन्यात चोवीस तास धापा टाकत चालेल आणि तरीही खोली १३ अंशांवर येणार नाही.

पफबरोबर बाष्परोधक थरही हवा आणि तो पफच्या उष्ण बाजूला, म्हणजे आपल्याकडे बाहेरच्या बाजूला हवा. तो आतून लावला किंवा गाळला, तर पावसाळ्यातली दमट हवा भिंतीतून आत सरकते, थंड भागात तिचे पाणी होते आणि दोन-तीन वर्षांत प्लास्टर फुगू लागते. महागड्या दरपत्रकात ‘आवरणासह’ एवढाच शब्द आहे. कोणता थर कुठे, हे त्यात लिहून घ्या.

काचेच्या भिंतीसाठी वेगळे मागितलेले ९० हजार मात्र सरळ नाकारा. दिवाणखान्याकडील ८ बाय ९ फुटांची भिंत एकेरी काचेची केली, तर तेवढ्या एका भिंतीतून साडेपाचशे वॅटच्या वर उष्णता येईल, म्हणजे बाकी सगळ्या पफ लावलेल्या पृष्ठभागाच्या दुपटीहून अधिक. वीजही दुपटीहून जास्त लागेल आणि जुलै-ऑगस्टमध्ये काचेला दिवाणखान्याच्या बाजूने घाम फुटेल. पाहुण्यांना बाटल्या दिसाव्यात, ही हौस मी समजू शकतो, पण तिची किंमत दर महिन्याच्या बिलात येत राहते.

आता बाहेर टाकायच्या उष्णतेचा प्रश्न, आणि माझ्या मते आपल्या पत्रातला सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे. ‘सेलरला व्हेंटिलेशन हवे म्हणून वर झरोका ठेवू’ असे ठेकेदार म्हणाल्याचे आपण लिहिले आहे. हा शब्दाचा घोटाळा आहे. सेलरची खोली जितकी बंदिस्त तितकी चांगली. झरोका ठेवला तर बाहेरची गरम, दमट हवा आपणच आत बोलावतो. वायुवीजन हवे असते ते यंत्राच्या पाठीला, जिथे कंडेन्सर गरम हवा फेकतो. आणि नेमके तिथे स्वस्त दरपत्रकात यंत्राचे तोंड जिन्याखालच्या बंद अडगळीच्या खोलीत काढले आहे. यंत्र सेलरमधून ६०० वॅट उष्णता उचलत असेल, तर कॉम्प्रेसरची स्वतःची ऊर्जा मिळून ते पाठीमागे ९०० वॅट फेकते, म्हणजे जवळजवळ एका कांडीचा रूम हीटर त्या कपाटवजा जागेत दिवसभर पेटता ठेवल्यासारखे होते. जागा तापते, यंत्राची क्षमता घटते, म्हणून ते जास्त वेळ चालते, म्हणून जागा आणखी तापते. पुण्यातील माझ्या एका ग्राहकाने अशाच मांडणीत अठरा महिन्यांत दोन कॉम्प्रेसर बदलले, आणि दोन्ही वेळा ‘जागेला हवा नव्हती’ या कारणाने हमी नाकारली गेली.

जिन्याखाली एक्झॉस्ट पंखा बसवून भागेल का? अंशतः. तेवढी उष्णता पाच अंशांच्या वाढीत बाहेर काढायची, तर तासाला साडेपाचशे घनमीटर हवा खेळवावी लागते आणि हवा आत येण्यासाठी खाली तेवढीच मोकळी जाळी लागते. हे काम बारा इंची पंखा करील. अडचण वेगळीच आहे. भिंतीत बसणारी ही एकसंध यंत्रे पाठीमागच्या हवेपेक्षा साधारण १६-१७ अंश खाली जाऊ शकतात. पाठीमागे ३० अंश असतील तर आत १३ मिळतात. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत पंखा जी ताजी हवा ओढून आणील तीच ३८-४० अंशांची असेल आणि आत २२-२३ च्या खाली येणे कठीण होईल. म्हणून आपल्याकडे स्प्लिट पद्धतीचेच यंत्र हवे, ज्याचे बाहेरचे युनिट उत्तरेच्या सावलीत, चहूबाजूंनी हवा खेळेल अशा जागी बसते आणि अशा उन्हासाठी बनवलेले असते. महागड्या दरपत्रकात ते आहे. तांब्याच्या नळ्या, पाण्याचा निचरा आणि दुरुस्तीसाठी माणूस पोहोचेल अशी जागा हेही त्यात आहे. दोन लाखांचे यंत्र ऐकून आपण दचकलात, पण त्या दरपत्रकातली सर्वांत रास्त ओळ मला तीच वाटते. घरातला दीड टनाचा साधा एसी वापरण्याची सूचना सोडून द्या. तो १६ अंशांच्या खाली लावता येत नाही आणि हवा इतकी कोरडी करतो की बुचे आक्रसतात.

म्हणजे करायचेच असेल, तर महागडे दरपत्रक, काचेशिवाय. मग त्याचा दहा वर्षांचा हिशेब असा: सुरुवातीचे ७ लाख ४० हजार, विजेचे २ लाख ८० हजार, वर्षाला दहा हजार धरून देखभालीचा एक लाख आणि मधल्या काळात एकदा यंत्र बदलण्याचे दोन लाख. एकूण १३ लाख २० हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ३२ हजार. १८० बाटल्यांनी भागले, तर दर बाटलीमागे वर्षाला ७३३ रुपये साठवणूक खर्च येतो. आपली सरासरी बाटली १,२०० रुपयांची आहे. ती दोन वर्षे सांभाळली की सांभाळण्याचा खर्च बाटलीपेक्षा जास्त होतो. आणि पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून गेला आहात की, वर्षानुवर्षे ठेवण्यासारख्या बाटल्या ४०च आहेत, बाकी सहा-आठ महिन्यांत संपतात. मग खरा भागाकार ४० ने करायला हवा, आणि तो येतो ३,३०० रुपये. ठेवीवरचे बुडालेले व्याज यात धरलेलेच नाही.

माझे मत असे की, ही खोली आता करू नये. अकरा लाख म्हणजे आपला तेरा महिन्यांचा घरखर्च. सेलर केल्यावर उरणारे ३ लाख ६० हजार चार महिन्यांचा. निवृत्तीला चार वर्षे असताना, खासगी नोकरीत, एवढ्या पातळ आधारावर उभे राहावे असे मी आपल्याला सांगू शकत नाही.

त्या ४० बाटल्यांसाठी आपणच चौकशी केलेले ४६ बाटल्यांचे ९५ हजारांचे कपाट घ्या. कॉम्प्रेसरवर चालणारे घ्या. कॉम्प्रेसर नसलेली, अर्धवाहकावर चालणारी स्वस्त कपाटे आपल्या उन्हाळ्यात तग धरत नाहीत. पाठीवरील पट्टीवर हवामान वर्ग पाहा: ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८, ‘टी’ म्हणजे ४३. आपल्याला ‘टी’ हवा. उष्णतेचा नियम इथेही सुटत नाही. स्वतंत्र उभे राहणारे कपाट फर्निचरमध्ये कोंबू नका आणि मागे चार बोटे नव्हे, चांगली वीतभर जागा ठेवा. फर्निचरमध्येच बसवायचे असेल, तर समोरून हवा सोडणारा प्रकार मागा. रोज एक युनिट वीज आणि मध्ये एकदा नवे कपाट धरूनही दहा वर्षांचा खर्च अडीच लाखांच्या आत राहतो, म्हणजे बाटलीमागे वर्षाला सुमारे सव्वासहाशे.

उरलेल्या १४० बाटल्यांचे काय? त्या होळीच्या आधी संपवा किंवा मित्रांसोबत उघडा, आणि पुढे एवढ्या घेऊ नका. आपण गंगापूर आणि दिंडोरीच्या वायनरींपासून अर्ध्या-पाऊण तासावर राहता. मुंबईच्या माणसाने साठा करावा, हे एक वेळ समजते. आपल्या जवळच्या वायनरी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या यंत्रांनी ती वाइन योग्य तापमानात सांभाळत आहेत; महिन्याला लागेल तेवढी जाऊन आणली तर त्यांचा सेलर आपल्याला फुकट मिळतो.

ठेवीतले एक लाख कपाटासाठी काढा आणि उरलेले दहा लाख एक-एक वर्षाच्या पाच ठेवींत विभागून ठेवा, म्हणजे गरज पडल्यास एखादीच मोडावी लागेल. दोन वर्षांनी ते कपाट भरून, जपून ठेवण्याजोग्या आणखी साठ-सत्तर बाटल्या आपल्याकडे असतील आणि परवान्याच्या मर्यादेत त्या बसत असतील, तर महागडे दरपत्रक पुन्हा मागवा आणि मला पाठवा. तोवर उत्तरेकडील भिंतीलगतची, बाहेरच्या युनिटसाठी लागणारी सावलीची जागा पत्र्याची शेड घालून अडवू नका, एवढे पाहा.