पोकरसाठी महाविद्यालय सोडावे का?

प्रश्न : आदरणीय ताई, मी कळव्याला राहतो आणि वाशीच्या एका महाविद्यालयात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकतो. माझे वय २० वर्षे आहे. दीड वर्षापूर्वी मित्रांमुळे पोकरची ओळख झाली आणि आता दुसरे काही सुचत नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळणे बंद झाल्यापासून दर शनिवारी रात्री घणसोलीतल्या एका फ्लॅटवर ५०-१०० च्या टेबलावर (पत्ते वाटण्याआधी दोघांना लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या रकमा ५० आणि १०० रुपये) खेळतो. पहिला बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना भरायची रक्कम, बाबांनी फीसाठी दिलेल्या पैशांतून भरला होता, पण ते पैसे केव्हाच वसूल झाले. गेल्या तीन महिन्यांत मी ४० हजार रुपयांनी वर आहे. तिथला एक जण गोव्याला राहायला जातो आहे आणि मलाही बोलावतो आहे. महाविद्यालय सोडून पूर्णवेळ खेळावे असे वाटते. हा निर्णय योग्य ठरेल का, आणि घरी कसे सांगू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : तुझी ओढ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. शक्यतांचा हिशेब, समोरच्याचे निरीक्षण आणि स्वतःवरचा ताबा या तिन्ही गोष्टी पोकरमध्ये लागतात, त्यामुळे ‘जुगार आहे, सोडून दे’ एवढ्यावर मी तुझी बोळवण करणार नाही. तरीही महाविद्यालय सोडू नकोस असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे पहिले कारण तुझ्याच विषयातले आहे.

समोरासमोरच्या टेबलावर तासाला साधारण २५ हँड, म्हणजे डाव, होतात. शनिवारचे पाच तास धरले, तर तीन महिन्यांत तुझे जेमतेम १,५०० हँड झाले असतील. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात दर १०० हँडमागचे प्रमाण विचलन (निकाल सरासरीच्या किती वरखाली जातात याचे माप) ९० बिग ब्लाइंडच्या आसपास धरतात; बिग ब्लाइंड म्हणजे त्या दोन सक्तीच्या रकमांतली मोठी, तुझ्या टेबलावर १०० रुपये. १,५०० हँडसाठी ते सुमारे ३५० बिग ब्लाइंड, म्हणजे तुझ्या टेबलावर ३५ हजार रुपये होते. दर १०० हँडमागे पाच बिग ब्लाइंड सातत्याने मिळवणारा खेळाडू चांगला मानला जातो, आणि एवढ्या हँडमध्ये त्याची अपेक्षित कमाई भरते अवघी साडेसात हजार. हे गणित पुढे नेलेस तर तुझ्या लक्षात येईल की टेबलावरच्या इतरांहून तसूभरही सरस नसलेल्या आठ जणांपैकी एक जण निव्वळ पत्त्यांच्या जोरावर तीन महिन्यांत ४० हजारांनी वर येऊ शकतो. तू तो एक नाहीस कशावरून? तुझे कौशल्य अस्सल असेलही, पण या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही, आणि परीक्षेत असा नमुना समोर आला असता तर तो अपुरा आहे हे तूच लिहिले असतेस.

नमुना वाढवण्याचा मार्गही आता अरुंद झाला आहे. एकाच वेळी अनेक टेबले उघडून, लहान रकमेवर हजारो हँड खेळण्याची सोय ऑनलाइन पोकरमध्ये होती. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी अ‍ॅपचा आडमार्ग कोणी सुचवला तर त्याच्या नादी लागू नकोस, कारण तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागाच उरत नाही.

घणसोलीच्या फ्लॅटबद्दल मला अधिक काळजी वाटते. तिथला यजमान पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, रेक (स्वतःचा वाटा) काढत असेल, तर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली ती जागा जुगाराचा अड्डा ठरू शकते आणि तिथे सापडलेल्या खेळणाऱ्यांवरही कारवाई होऊ शकते. कौशल्याच्या खेळांना या कायद्यात सूट आहे, परंतु पोकर त्यात बसतो की नाही यावर न्यायालयांचेच एकमत नाही : गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार मानले, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कौशल्याचा खेळ ठरवले. पोलीस दारात उभे असताना या वादाचा तुला काही उपयोग होणार नाही. गोव्याचे म्हणशील, तर तिथल्या कॅसिनोत प्रवेशासाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे आज तुला आतच घेणार नाहीत. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही, त्यामुळे कागदावर वर दिसणारा खेळाडू कर भरल्यावर खाली गेलेला असू शकतो.

फीच्या पैशांचा उल्लेख तू एका ओळीत उरकला आहेस. मला मात्र तुझ्या पत्रात तोच सगळ्यात गंभीर वाटला. पोकर मन लावून खेळणारी माणसे किमान २० ते ३० बाय-इन एवढा बँकरोल घरखर्चापासून वेगळा ठेवतात आणि बुडाला तरी घर अडणार नाही एवढाच पैसा त्यात घालतात. तुझ्या टेबलावर १०० बिग ब्लाइंडचा एक बाय-इन १० हजारांचा धरला, तर ती रक्कम दोन ते तीन लाख होते. तू दुसऱ्याचा आणि दुसऱ्या कामासाठी दिलेला पैसा लावलास. तो परत आला म्हणून ते योग्य ठरत नाही.

वर्गात मन लागत नसेल तर विषय बदलणे किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेणे, हे मार्ग खुले आहेत. संभाव्यतेची ही आवड विमागणित किंवा विदाविश्लेषण या क्षेत्रांत चांगली कामी येते, याबद्दल तुझ्या प्राध्यापकांशी जरूर बोल.

घरी सांगताना फीपासूनच सुरुवात कर. शक्यतो आई-बाबा दोघेही निवांत असतील अशा रविवारी बोल आणि आजवर किती भरले, किती आले याचा हरलेल्या रात्रींसह लिहिलेला हिशेब त्यांच्यापुढे ठेव. तो लिहिताना आकडे लपवावेसे वाटले, किंवा गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळायला जावेसे वाटले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. तिथे मराठीत बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.