खालच्या तारेवरून

(एका सिम्फनी ऑर्केस्ट्रात ३१ वर्षं डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं सगळ्यात मोठं वाद्य, वाजवून निवृत्त झालेल्या वादिकेनं वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं)

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, पाच वर्षं व्हायोलिन शिकतेय. शाळेच्या ऑर्केस्ट्रात डबल बासला कुणी नाही, म्हणून शिक्षक तिला तिकडे वळा म्हणतात. ती अंगानं बारीक, उंची जेमतेम पाच फूट. ताई, मुलीच्या जातीला हे धूड झेपेल का?

उत्तर : माझी उंची पाच फूट एक इंच. तो एक इंचसुद्धा मी बुटात मोजून घेतलेला आहे.

जेन लिटल यांचं नाव मुलीला जरूर सांगा. १९४५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी त्या अटलांटाच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवायला लागल्या आणि २०१६ च्या मे महिन्यात, ८७ व्या वर्षी, रंगमंचावर वाजवता वाजवताच कोसळून गेल्या. एकाच ऑर्केस्ट्रात ७१ वर्षं! त्यांची उंची पाच फुटांपेक्षा कमी होती. बासवाल्यांना जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस एकच विनोद करतो, "त्यापेक्षा बासरी घ्यायची होती की!" लिटलबाईंनी त्याच ऑर्केस्ट्रातल्या बासरीवाल्याशी लग्न केलं, आणि बास उचलायला तो असायचा. इतकं चोख उत्तर मला कधी सुचलं नाही.

आता हाताचं. व्हायोलिनची वाजणारी तार साधारण ३३ सेंटिमीटर, बासची १०५ च्या आसपास. त्यामुळे खालच्या जागी पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत पंजा उघडला, तरी हाताखाली एकच पूर्ण स्वर येतो, सा ते रे. बस्स. पुढच्या स्वराला अख्खा हात सरकवायचा. तिसरं बोट तिथं एकटं वापरत नाहीत, ते करंगळीला टेकू देतं. तार बोटांच्या जोरानं दाबायला गेलं की दोन आठवड्यांत मनगट सुजतं. दाब हाताच्या वजनातून यायला हवा, आणि ते वजन पाठीतून. माझ्या पहिल्या शिक्षकांनी महिनाभर मला अंगठा वाद्याच्या गळ्यामागे, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीमागे, टेकवूच दिला नाही. नुसतं हाताचं ओझं तारेवर टांगायचं. चिडून रडायचे मी, पण नंतर खांदा शाबूत राहिला तो त्यामुळेच.

वाद्य तिच्या मापाचं घ्या. बहुतेक ऑर्केस्ट्रांमधले मोठे वादकसुद्धा 'पाऊण' मापाचाच बास वाजवतात. मुलांसाठी अर्धा आणि पावही मिळतो. वाहून नेताना खालची एन्डपिन (जमिनीवर टेकायची दांडी) काढून तिथं चाक बसवायचं. जिने मात्र जिनेच राहतात.

शिवाय 'कुणी नाही म्हणून' बासकडे येणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे. १८३५ मध्ये बोत्तेसिनी या इटालियन मुलाला मिलानच्या संगीतशाळेत जायचं होतं, तर बासून (एक फुंकवाद्य) आणि डबल बास एवढ्याच दोन जागा शिल्लक होत्या. व्हायोलिन वाजवणाऱ्या त्या पोरानं काही आठवड्यांत बासची तयारी केली आणि पुढे अख्ख्या युरोपाला वेड लावलं. १८७१ मध्ये कैरोत व्हर्दीच्या 'आयदा' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा कंडक्टर तोच होता. रशियाचे कुसेवित्स्कीही शिष्यवृत्ती मिळते म्हणून बासकडे गेले आणि नंतर पंचवीस वर्षं बोस्टनच्या ऑर्केस्ट्राचे कंडक्टर होते. आपल्या झुबिन मेहतांनीही व्हिएन्नात शिकताना बास वाजवलाय. ऑर्केस्ट्रा खालून ऐकायची सवय कंडक्टरला उपयोगी पडत असावी, असं मला वाटतं. अर्थात आमच्या सेक्शनमधले निम्मे लोक कंडक्टरांबद्दल असं काही चांगलं बोलणार नाहीत.

प्रश्न : मैफलीत बासवाले सर्वांत मागे उभे राहून पूं… पूं… एवढंच करताना दिसतात. आयुष्यभर हे करून कंटाळा येत नाही?

उत्तर : येतो. काही वॉल्ट्झ (तीन ठोक्यांच्या नृत्यधुना) असे आहेत की पहिल्या ठोक्याला एक स्वर आणि दोन ठोके गप्प, असं पानामागून पान. त्या वेळी मी मनात वाणसामानाची यादी करत असे.

पण आमची सगळ्यात खालची 'मी' (E) स्वराची तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. ती कानाला कमी आणि पायाखालच्या फळीला जास्त कळते. आठ जणांचे गज एकाच क्षणी तारेला चिकटले की पोटऱ्यांतून काहीतरी वर चढत जातं. आम्ही एक केस उशिरा आलो तर वरचे सगळे डळमळतात, आणि दोष व्हायोलिनवाल्यांना जातो! बेथोवनच्या नवव्या सिम्फनीत शेवटच्या भागात गायक तोंड उघडण्याआधी चेलो आणि आम्ही मिळून शब्दांवाचून बोलतो. तिथं कंटाळा आला, तर वाद्य विकून टाकावं.

आणि एक संध्याकाळ सांगते. माहलरच्या पहिल्या सिम्फनीचा तिसरा भाग. टिंपनी (मोठे नगारे) दबक्या आवाजात दोनच स्वर वाजवत असते, आणि त्यावर एकटा बास, म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावून, लहान मुलांचं एक गाणं उदास सुरात सुरू करतो. आठ बार, म्हणजे तालाची आठ आवर्तनं. हा मान आमच्या प्रमुखांचा. त्या दिवशी दुपारी ते तापानं फणफणले आणि शेजारच्या खुर्चीवरची मी पुढे सरकले. ही धून वरच्या पट्टीत आहे, गळा संपून वाद्याचं अंग सुरू होतं तिथून पुढे. अंगठा गळ्यामागून काढून बोटासारखा तारेवर ठेवावा लागतो. मी गज तारेवर ठेवला आणि पाहिलं तर गजाचं टोक थरथरत होतं. सभागृह गप्प. मी गज टोकाकडून काढून मधोमध ठेवला, श्वास सोडला आणि वाजवलं. पाचव्या बारात एक स्वर किंचित खाली लागला. तो मला अजून ऐकू येतो. कार्यक्रम संपल्यावर टिंपनीवाला म्हणाला, "छान झालं." प्रमुखांना फोन केला, तर त्यांनी आधी विचारलं, "पाचव्या बारात काय केलंस?" त्यांनी ते रेडिओवर ऐकलं होतं.

प्रश्न : पाठ, कान, कमाई?

उत्तर : पाठीसाठी उंच स्टूल, एक पाय दांडीवर. कानांत बोळे, कारण अनेकदा पितळी वाद्यं जवळच असतात. कमाई कायम नोकरी असेल तर बरी, नसेल तर शिकवण्या, स्टुडिओ, नाटकाचा पिट (रंगमंचासमोरची वादकांची जागा) आणि जॅझ. जॅझमध्ये गज बाजूला ठेवून बोटांनी वाजवणारे माझे दोन विद्यार्थी माझ्यापेक्षा सुखात आहेत.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे. तीन ऑडिशन दिल्या, तिन्हीत पहिल्याच फेरीत बाहेर. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : असेलही, न ऐकता कसं सांगू? पण हिशोब बघ. मोठ्या ऑर्केस्ट्रात बास साधारण आठ, आणि चिकटलेला माणूस उठत नाही. ओरिन ओब्रायन १९६६ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये आल्या आणि २०२१ मध्ये निवृत्त झाल्या. ती एक खुर्ची ५५ वर्षं रिकामी झाली नाही. जागा निघते तेव्हा एकीसाठी डझनावारी लोक येतात, पडद्याआड एकेक करून वाजवतात. चालण्यावरून बाई की पुरुष कळू नये म्हणून खाली गालिचाही घालतात. तुझ्या वाट्याला येतात पाच-सात मिनिटं.

मी पाचव्या ऑडिशनला लागले. चौथीत काय केलं ते सांगते. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीतला स्केर्झो (तिसरा, वेगवान भाग), त्यातला ट्रिओ (मधला तुकडा). दुसऱ्या भागात बास सुरू होतात, थांबतात, पुन्हा सुरू होतात, थांबतात, आणि तिसऱ्यांदा धावत सुटतात. घरी शेकडो वेळा अचूक वाजवलेलं. पडद्याआड मात्र दुसऱ्या थांब्यानंतरची शांतता मला सोसली नाही आणि मी आधीच घुसले. पलीकडून पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "धन्यवाद."

तू घरी सूर आणि वेग पक्के करत असशील. थांबे कितीदा वाजवतोस? फोनवर ट्रिओ ध्वनिमुद्रित कर, दुसऱ्या दिवशी स्वर सोडून फक्त थांबे ऐक आणि शेजारी मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लाव. मग मला पाठव. चांगलं नाही, पहिलं ध्वनिमुद्रण पाठव.