कंपनी नोंदवण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, रंगावरून दाखवणारी तुझी कागदी पट्टी पाहिली. मधुमेही माणसाच्या लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागतं ते मूत्रपिंडाचा त्रास जाणवायच्या कितीतरी आधी, आणि दवाखान्यातल्या साध्या पट्टीला ते सुरुवातीचं प्रमाण बहुधा सापडतच नाही. म्हणून तुझं काम मला फार मोलाचं वाटतं. कंपनी काढायची म्हणतेस, जरूर काढ. पण नाव, लोगो, नोंदणी यांत आत्ताच गुंतू नको.

आधी पेटंट. पुढच्या परिषदेत पोस्टर लावायचं ठरवलंयस, त्याआधी अर्ज दाखल झालाच पाहिजे. शोध आधी जाहीर झाला की तो नवा राहत नाही आणि पेटंट हुकू शकतं. आपल्या कायद्यात याला थोडी सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. युरोपात तीही जवळपास नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज केलास की पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात, आणि 2021 पासून शैक्षणिक संस्थांना फीमध्ये 80 टक्के सूट आहे. एक मात्र ध्यानात ठेव: निदानाच्या पद्धतीवर आपल्याकडे पेटंट मिळत नाही. दावा पट्टीच्या रचनेवर आणि तिच्यातल्या रसायनावर मांडायला हवा.

हक्क कोणाचा, हेही आत्ताच कागदावर आण. प्रयोगशाळा विद्यापीठाची, फेलोशिप सरकारची, कल्पनेत गाईडचा वाटा. विद्यापीठाकडून परवाना कोणत्या अटींवर आणि किती रॉयल्टीवर मिळणार, हे लेखी नसेल तर पैसे गुंतवणारा पहिल्याच बैठकीत उठून जातो. गाईडशी हे बोलायला संकोच वाटेल. तरी बोल.

आणि मग प्रयोगशाळेतून बाहेर पड. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ऐन जुलैमध्ये जाऊन बस. तिथल्या पावसात कपडे आठवडाभर वाळत नाहीत. तुझी पट्टी तर ओल शोषणारा कागद. डबी एकदा उघडली की किती दिवस खरा रंग दाखवते, हे विद्यापीठातल्या एसी खोलीत कळणार नाही. सिस्टर तो रंग ट्यूबलाइटच्या उजेडात, रांगेतल्या पुढच्या पेशंटला हाक मारता मारता बघणार आहेत. फिकट हिरवा आणि जरा गडद हिरवा यांतला फरक त्यांना एका नजरेत कळतो का? शेजारी उभी राहून बघ, मध्ये बोलू नकोस. शिवाय रानात दिवसभर राबून आलेल्या माणसाची लघवी दाट असते, भरपूर पाणी प्यायलेल्याची पातळ. म्हणून नुसतं अल्ब्युमिन मोजून भागत नाही, क्रिएटिनिनशी, म्हणजे लघवीतून रोज जवळपास सारख्याच प्रमाणात जाणाऱ्या पदार्थाशी, गुणोत्तर लागतं. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 ते 300 मिलिग्रॅम अल्ब्युमिन, ही सुरुवातीची पातळी तुला पकडायची आहे. क्रिएटिनिनसाठी दुसरा रंग त्याच पट्टीवर बसवता येतो का, यावर मी तुझ्या जागी सगळ्यात जास्त वेळ दिला असता.

हाताने केलेल्या शंभर पट्ट्या चांगल्या निघणं वेगळं आणि प्रत्येक बॅच सारखी निघणं वेगळं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन मालक गेजने प्रत्येक नग कसा तपासतो ते बघ. माप चुकलं की माल परत येतो, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असतं. ती शिस्त तुला लागेल, कारण 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत अशा पट्ट्याही येतात. चाचणीपुरते थोडे नग बनवायलासुद्धा केंद्राचा परवाना लागतो. उपकरणांचे धोक्यानुसार अ ते ड असे वर्ग आहेत; विक्रीसाठी बनवताना अ आणि ब वर्गाचं उपकरण असेल तर राज्याकडून, क आणि ड असेल तर केंद्राकडून.

पैशांचं सांगायचं तर बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या बिग योजनेत 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर 2007 पासून नव्या कंपन्यांना उभं करण्याच्या कामात आहे, त्यांना एकदा भेट. गगनबावड्यातली निरीक्षणं अर्जात जशीच्या तशी लिही.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून रुग्णांचे नमुने घेणार असशील तर एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही बाटली उचलू नकोस. त्या अर्जाचा मसुदा आणि प्रयोगवहीतल्या पहिल्या यशस्वी पट्टीच्या पानाची प्रत, तारखेसकट, मला या आठवड्यात पाठव.